बावखलातला हिरो

दादा, काल मी थिएटरात जाऊन सिनेमा पाहिला. सुनेने आग्रह केला म्हणून. तुम्ही माझी सून पाहिली नाहीत, मुलगाही पाहिला नाहीत. माझं लग्नच मुळी तुम्ही गेल्यानंतर झालं. ही मुंबईत वाढलेली, भरभर बोलणारी, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी, पण मनाने सरळ पोरगी आहे. "आई, रिटायर होऊन पाच वर्षं झाली तुम्हाला, एकदा तरी मोठ्याने हसा ना," ती म्हणाली. मी म्हटलं, मला मारामारीचे सिनेमे आवडत नाहीत. "अहो, कॉमेडी मारामारी आहे! आणि हिरो कोण माहितीये? पिठाची गिरणीवाला. पोट सुटलेला, बायकोला घाबरणारा." मी साडी बदलली आणि तिच्याबरोबर निघाले. बोळिंजहून रिक्षाने दहा मिनिटं.

सिनेमा तसा बरा होता. गिरणीवाल्याची गल्ली एका बिल्डरला हवी असते. गुंड येतात, गिरणीवाला आधी हात जोडतो, मग चुकून एकाच्या पायावर वजन पाडतो, मग मुद्दाम दुसऱ्याच्या. भुवयांवर पीठ, चष्म्यावर पीठ, गुंडांच्या तोंडात पीठ. लोक शिट्ट्या मारत होते. सून पॉपकॉर्नचा डबा मांडीत धरून वाकून वाकून हसत होती. आणि मी, दादा, त्या माणसाच्या अंगाकडे बघत होते. तो पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. त्याचं काही दुखत नव्हतं. शेवटी गल्ली वाचते, लोक त्याला खांद्यावर घेतात, आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी गर्दीतून वाट काढत ओरडत येते, "सरका, माझे बाबा आहेत ते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उठले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. सून धावत आली. "आई, काय झालं? बीपी का?" मी म्हटलं, "एसी फार ठेवतात हे लोक."

येताना रिक्षात तिने विचारलं, "आई, तुमचे वडील काय करायचे हो? तुम्ही कधी बोलतच नाही." मी म्हटलं, "निर्मळला वाडी होती. केळी, फुलं. साधा माणूस." आणि तोंड फिरवून बाहेर बघत बसले. तेहतीस वर्षं वर्गात उभं राहून बोलले, आणि तुमच्याबद्दल, स्वतःच्या बापाबद्दल, एवढंच सुचलं. रात्रभर मला स्वतःची चीड आली. आज सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर दार लावून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती एकदम सांगता येणार नाही; मला ओळीने जायची सवय आहे.

तुम्ही साधे नव्हतात, हे आधी लिहून टाकते. तुम्ही गावातले सगळ्यात वात्रट गृहस्थ होतात. सायकलला दोन्ही बाजूंना केळीचे घड बांधून तुम्ही निघालात की वाटेत कोणी म्हणायचं, "दादा, पडशील हां," आणि तुम्ही म्हणायचात, "मी पडलो तर केळी वर राहतील, तेवढी घरी पोचव." शिवमंदिराच्या पायऱ्यांवर बसलेली म्हातारी माणसं तुमची वाट बघत. कार्तिकातल्या जत्रेत आपण सुकेळी विकायचो तेव्हा आजूबाजूच्या दुकानांपेक्षा आपल्याकडे गर्दी जास्त, कारण तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सुकेळीची जन्मकथा सांगायचात: राजेळी केळी कशी पिकवली, सोलली, उन्हात किती दिवस घातली, रोज संध्याकाळी एकेक कशी उचलून झाकून ठेवली. "पोरीला पन इतकं जपलं नाय," असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवायचात. मी तेव्हा बी.ए.ला. पुस्तक डोळ्यांसमोर धरून खुर्चीवर बसलेली असायचे आणि कान लाल व्हायचे. मला तुमचं बोलणं आवडायचं नाही. लोक तुमच्याबरोबर हसतात की तुम्हाला हसतात, हे मला कधी नीट कळलं नाही, आणि मी वाईट तेच धरून चालायचे.

पण कॉलेजात मला तुम्हीच घातलंत. आई म्हणत होती, मॅट्रिक पुष्कळ झाली. तुम्ही एक दिवस जुनी लेडीज सायकल घेऊन आलात, स्वतः तिला हिरवा रंग दिला होतात, रंग अजून ओला होता. "बस," म्हणालात. मी म्हटलं, रंग लागेल. "लागू दे. शिकलेली बाय कोनती, ते लोकांना लांबून कळेल." माझ्या एकुलत्या एका चांगल्या परकराला हिरवा पट्टा लागला तो कधी गेला नाही.

आता बावखलाचं. माझ्या सुनेला हा शब्द माहीत नाही. परवा मी सहज बोलून गेले तर तिला वाटलं एखादा पदार्थ. तिला सांगायचं तर वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं, आत उतरायला दगडी पायऱ्या, भोवती माड आणि केवडा. आपलं बावखल सहा घरांचं होतं. त्याच्यावर सहा वाड्या भिजत, गुरं धुतली जात, गणपती विसर्जन तिथेच. गाळ काढायचा तोही सहा घरांनी मिळून, वैशाखात, आणि त्या दिवशी जेवण आळीपाळीने एकेका घरी. मग एका घराने आपला तुकडा विकला. घेणारा स्टेशनकडचा कंत्राटदार, सगळे त्याला शेठ म्हणत. त्याने कागदावर एक वाटा घेतला आणि जमिनीवर सगळं बावखल आपलं धरलं; ते बुजवून त्याला बिल्डिंग उठवायची होती. बाकीची पाच घरं महिनाभर ओट्यांवर बसून बोलत राहिली. तुम्ही त्यात फक्त विनोद करत होतात. त्यामुळे पुढे जे झालं ते तुम्ही कराल असं कोणालाच वाटलं नव्हतं, मला तर नाहीच.

मला नोकरी लागून आठ महिने झाले होते. शाळा सकाळची. साडेबाराला मी सायकलवरून घरी येते आहे. बावखलाच्या कडेला माणसं उभी आहेत, मुरमाने भरलेला डंपर मागे मागे येऊन पार काठाशी थांबला आहे, आणि पाण्याच्या मध्यावर एक डोकं दिसतं आहे, डोक्यावर पंचा. मला आधी वाटलं कोणी बुडालं. मग डोकं बोललं.

"टाक रे, थांबला कशाला?"

तुमचा आवाज. ड्रायव्हर परप्रांतातला, कंटाळलेला. तो खाली वाकून म्हणाला, "चाचा, बाहर आ जाओ. मेरा टाइम खोटी मत करो."

"तुम डालो ना. हम इधरच हाय. हमको किदर जानेका नाय."

लोक हसले. मी सायकलवरून उतरले आणि केवड्याच्या आडोशाला उभी राहिले. शेठची दोन माणसं आली होती. दोघांच्या पायांत पांढरे बूट, तेव्हा तशी फॅशन होती. एकाने बूट काढून नीट शेजारी शेजारी ठेवले, त्यात मोजे खोचले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. दुसरा तसाच बुटांसकट उतरायला लागला. तुम्ही पाण्यातून हात वर केलात. "अरे, त्या तिसऱ्या पायरीवर पाय नको देऊस, शेवाळ हाय. डावीकडून ये." त्याला वाटलं तुम्ही फसवताय. त्याने मुद्दाम तिसऱ्या पायरीवर पाय दिला आणि बसला तो थेट पाण्यात. काठावर इतका हशा उठला की माडावरचे कावळे उडाले. शेजारची काकू ओरडली, "सांगितलं व्हतं ना तुला, मेल्या!" पहिला त्याला सोडून तुमच्याकडे आला, त्याने तुमचा हात धरला, तुम्ही बुडी मारलीत आणि दुसरीकडे निघालात. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलात. तुमचा पंचा त्याच्या हातात राहिला. तुम्ही म्हणालात, "धुवून वाळत घाल हां तो." लोक पोट धरून हसत होते. डंपरवाला खाली उतरून बोनेटला टेकून हसत होता.

आणि मग तो पहिला, बूट नीट काढून ठेवणारा, पाय टेकेना अशा जागी गेला. त्याला पोहता येत नव्हतं. काठावरच्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही, सगळ्यांना तोही गमतीचाच भाग वाटला. तुमच्या लक्षात आलं. तुम्ही त्याच्या मागून गेलात, कॉलरला धरलंत, ओढत पायऱ्यांशी आणलंत, बसवलंत, पाठीवर दोन थापा मारल्यात. तो ओकला. तुम्ही विचारलंत, "जेवलास की नाय?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा पाण्यात शिरून मध्यावर जाऊन उभे राहिलात. तिथून तुम्ही ते वाक्य म्हणालात जे पुढे गावभर झालं. "जा, तुझ्या शेठला सांग. आधी माझ्यावर माती टाक, मग बिल्डिंग बांध, आनि बिल्डिंगला नाव माझंच दे!"

डंपर भरलेला तसाच परत गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पायऱ्या चढून वर आलात, धोतर अंगाला चिकटलेलं, पोटावर शेवाळ, थंडीने हनुवटी थरथरत होती, आणि सगळे तुम्हाला "हिरो, हिरो" म्हणत होते. काल त्या सिनेमातली मुलगी जिथून ओरडत आली, तितक्याच अंतरावर मी उभी होते. मी सायकल फिरवली आणि लांबच्या वाटेने घरी गेले.

मी पोचले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात, चुलीच्या उबेला. आई नारळ खवत होती. "आधी ते धोतर सुकवा, मग शूरपना सांगा," ती म्हणत होती, पण तिच्या आवाजात कौतुक होतं. मला बघून तुम्ही सुरू केलंत, "बाय, आज काय झालं माहीत हाय का?" मी म्हटलं, "माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. पन्नाशीच्या माणसाने लोकांसमोर असा तमाशा करायचा?" तुम्ही चुलीतलं लाकूड पुढे सारलंत. मग हळू म्हणालात, "तमाशा नाय गो. पानी वाचवलं." मी म्हटलं, "कायदा आहे, कोर्ट आहे, अर्ज करता येतो. मी लिहून दिला असता." दादा, आज मला आठवतं, तो अर्ज मी तोवर लिहिला नव्हता. तुम्ही दोनदा सांगितलं होतंत. मला वह्या तपासायच्या होत्या. आईने खवणीवरून मान वर केली. "वडलांना असं बोलतात का गो?" मी आत गेले.

पुढचे काही दिवस डंपर आला नाही. पाचही घरांतल्या माणसांना एकदम धीर आला. त्यांनी ठरवलं, आता डंपर आला तर दादा एकटा उतरणार नाही, घरटी दोन माणसं उतरतील. पाळ्यासुद्धा लागल्या. शेजारच्या काकूने तिच्या नवऱ्याला पोहायला येत नाही म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं. तुम्ही जाल तिथे "हिरो आला" म्हणून चहा पुढे व्हायचा. मी कोणाचीच मुलगी नसल्यासारखी मान खाली घालून शाळेत जायचे.

नवव्या दिवशी मी मधली सुट्टी संपवून सातवीच्या वर्गात शिरले, तर पहिल्या बाकावरची एक मुलगी दोन बाकांच्या मधल्या जागेत उकिडवी बसली होती, डोक्यावर रुमाल, आणि म्हणत होती, "बिल्डिंगला नाव माझंच दे!" हुबेहूब तुमचा आवाज. सगळा वर्ग लोळत होता. मला बघून सगळे आपापल्या जागी बसले. तिला माहीत नव्हतं तुम्ही माझे कोण; मागच्या एकीला होतं, ती तोंडावर हात घेऊन बसली. मी त्या मुलीला तास संपेपर्यंत उभं केलं आणि धडा शिकवला. त्या तासाला मी काय शिकवलं ते आता आठवत नाही. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं, "मुख्याध्यापकांनी आज मला बोलावलं होतं. शाळेला नवी बाकं शेठने दिली आहेत. तुमच्यामुळे माझी नोकरी जाणार. मला पक्कं करणार नाहीत. जाऊन माफी मागा."

तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "सायेब तसं बोलले?" मी म्हटलं, हो. तुम्ही उठून बाहेर गेलात, केळी झाकून आलात, हात धुतलेत आणि म्हणालात, "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुम्ही माझ्या पहिल्या पगारातून आणलेला पांढरा शर्ट घातलात. सणासाठी ठेवला होतात. आईकडून सुकेळीचं एक पुडकं बांधून घेतलंत. आपल्याकडे कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून. जिथे चाललो होतो ते घर नव्हतं, शेठचं ऑफिस होतं, आणि त्याला सुकेळी नको होती, हे तुम्हाला कोण सांगणार? मी बरोबर आले. तुम्ही खरंच माफी मागता की पुन्हा काहीतरी विनोद करून येता, याची मला खात्री करायची होती. बाकावर आपण दीड तास बसलो. पुडकं तुमच्या मांडीवर होतं. समोरून तो बूटवाला गेला, ज्याला तुम्ही कॉलर धरून वर काढलं होतंत. त्याने तुमच्याकडे पाहिलं, थांबला, आणि आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आला. तो तुमच्या हातात देऊन आत गेला.

शेठ अगदी प्रेमाने बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "या या, काका! बसा. अहो, माफी कसली? त्या दिवशी आमच्या पोरांचा टाइमपास झाला." तुम्ही हात जोडून उभेच होतात. मी आयुष्यात तुम्हाला देवळाबाहेर हात जोडलेलं पाहिलं नव्हतं. "चूक झाली, शेठ," तुम्ही म्हणालात. "पोरीच्या नोकरीचं काय करू नका." शेठला काही कळलं नाही. "कुठली नोकरी?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करत राहिले. पण त्याला फार विचार करायची सवय नव्हती. तो म्हणाला, "नाही नाही, काही नाही करणार. पण काका, ते एकदा म्हणा ना, बिल्डिंगचं. मी तिथे नव्हतो. पोरांना बोलव रे आत."

आत पाच-सहा जण आले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. दादा, तुम्ही मला विचारत होतात, म्हणू का? मी जमिनीकडे बघत राहिले. मग तुम्ही म्हणालात. जसं म्हणाला होतात तसंच, शब्दाला शब्द, फक्त हळू. "आधी माझ्यावर माती टाक, मग बिल्डिंग बांध, आनि बिल्डिंगला नाव माझंच दे." ते हसले. शेठ म्हणाला, "देऊ ना काका, नक्की देऊ!" आणि पुन्हा हसले. तो बूटवाला हसला नाही, एवढं मी पाहिलं. आपण सायकली घेऊन परत आलो, तुम्ही पुढे, मी मागे. सुकेळीचं पुडकं टेबलावर तसंच राहिलं होतं.

सोमवारी डंपर आला. ज्यांच्या पाळ्या लागल्या होत्या ते काठावर आले, पण उतरलं कोणी नाही. काकूने दारात येऊन विचारलं, "हिरो कुठे हाय?" आई म्हणाली, बरं नाही. तुम्ही माजघरात भिंतीकडे तोंड करून पडला होतात. "त्यानेच माघार घेतली तर आपन काय मरायला उतरायचं?" असं कोणीतरी म्हणालं, आणि ते तुम्हालाही ऐकू गेलं. तीन आठवड्यांत बावखल सपाट झालं. बिल्डिंगला शेठने आपल्या मुलीचं नाव दिलं. आपल्या विहिरीचं पाणी दोन उन्हाळ्यांत मचूळ झालं, राजेळी पहिली गेली, मग चाफा. तुम्ही देवळाकडे जायला मागची वाट धरलीत. जत्रेत सुकेळी विकायला बसायचात, पण गिऱ्हाईक विचारेल तेवढंच सांगायचात. मला तेव्हा वाटलं, चला, वयाने पोक्त झाले.

आता ती गोष्ट. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं नव्हतं, दादा. कोणीही माझ्या नोकरीबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्याच दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत भेटले होते, हे खरं. चष्मा पुसत म्हणाले होते, "तुमचे वडील धाडसी आहेत हो, बाई." बस, एवढंच. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला तो टोमणा वाटला, त्यातून मला धमकी ऐकू आली. तसं नव्हतं. ते मनापासून बोलत होते, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. मला लोकांचं हसू थांबवायचं होतं. तुम्हाला दुसऱ्या कशाने थांबवता येणार नाही, फक्त माझ्या नोकरीचं नाव घेतलं की तुम्ही थांबाल, हे मला माहीत होतं. म्हणून मी ते नाव घेतलं. त्याच्या बदल्यात बावखल गेलं, आणि तुमचं बोलणं गेलं. मी कडक बाई म्हणून निवृत्त झाले. खोटं बोलणाऱ्या मुलांना मी कधी माफ केलं नाही. अशा मुलांच्या आयांना शाळेत बोलावून समोर बसवून ऐकवायचे.

तुमच्या शेवटच्या आजारपणात मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. वसईच्या दवाखान्यात दुपारची वेळ आहे, आई डबा आणायला घरी गेली आहे, मी स्टुलावर बसले आहे. तुमचं अर्धं अंग गेलेलं, पण बोलणं समजत होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात तुम्हीच विचारलंत, "बाय, नोकरी पक्की झाली ना गो?" ती होऊन वर्ष झालं होतं, तुम्हाला पेढेही दिले होते. आजाराने विसरला होतात. मी म्हटलं, "झाली." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. आणखी काहीतरी हवं होतं तुम्हाला. माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही तेव्हा गेलात ना दादा, म्हणून झाली."

तुमचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला हाक मारलीत, अर्नाळ्याचा, मासेमारीच्या बोटीचा तांडेल होता तो, पायाला प्लास्टर. "ओ तांडेल, ही माझी पोर. मास्तरीन हाय. हिची नोकरी कोनी राखली, विचारा." त्याने विचारलं, आणि तुम्ही सांगायला लागलात. अडखळत, एका बाजूच्या तोंडाने, पण सगळं: डंपर, पंचा, पांढरे बूट, तिसरी पायरी. तांडेल इतका हसला की नर्स दारातून ओरडली. मग तुम्ही ऑफिसचं सांगितलंत, आणि ते मी पाहिलं होतं तसं नव्हतं. तुमच्या गोष्टीत शेठ तुम्हाला घाबरून खुर्ची देतो. तुमच्या गोष्टीत तुम्ही एक बावखल सोडता आणि त्याच्या बदल्यात पोरीची नोकरी हातात घेऊन घरी येता. "पानी काय, पुन्हा मिळंल," तुम्ही त्याला म्हणालात. "पोर एकच हाय." दोन वर्षांत तुम्ही इतकं बोलला नव्हतात. तांडेल म्हणाला, "दादा, तुजा शिनेमा काढला पायजे रे." तुम्ही म्हणालात, "नाव माझंच द्यायचं." तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

काल थिएटरच्या भिंतीला टेकून उभी असताना मला वाटलं होतं की हे लिहून काढलं की मी मोकळी होईन. आता लिहून झालं आहे आणि मला पानं फाडावीशी वाटत आहेत. सून संध्याकाळी येईल. तिला मी डंपर सांगेन, पंचा सांगेन, तो बुडणारा माणूसही सांगेन. ती हसेल, आणि हसू दे. ऑफिसचं मी तिला तुमच्यासारखंच सांगणार आहे. आणि तुम्ही आत्ता, या क्षणी, दारात उभे राहून "बाय, नोकरी कोनामुळे राहिली?" असं विचारलंत, तर हे कागद मी पदराखाली घेईन आणि म्हणेन, दादा, तुमच्यामुळे.